पाचवा व्हिटेकर

"यातला खरा कुठला?" मी विचारलं.

"सगळाच खरा, बाबू," सिरिल व्हिटेकर म्हणाले. "आदमी एक, खानदान एक. सिर्फ स्पेलिंग अलग."

काउंटरवर त्यांनी चार कागद पत्त्यांसारखे ओळीनं मांडले होते. पहिला त्यांच्या वडिलांच्या, हेन्रींच्या बाप्तिस्म्याचा, विलायतेतल्या कुठल्याशा खेड्यातला. त्यात आडनावाचं शेपूट ए-सी-आर-ई. दुसरा हेन्रींच्या इथल्या रेल्वे नोकरीचा. त्यात शेपूट बदलून के-ई-आर झालेलं आणि मध्ये दोन टी. तिसरा सिरिलसाहेबांच्या लग्नाचा. त्यातला एक टी गळालेला. चौथा त्यांच्या मुलीचा, डोरीनचा शाळेचा दाखला. तिथल्या मास्तरांनी 'व्हाइट' हा शब्द पुरा लिहून पुढे 'केर' जोडला होता. म्हणजे अक्षराला अक्षर धरून वाचायचं तर पांढरा केर.

हे मी त्यांना सांगितलं नाही. १९६८ साल होतं, मी नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात नुकता लागलो होतो आणि परमनंट व्हायला चार महिने बाकी होते. अशा दिवसांत माणूस विनोद मनात ठेवतो.

सिरिलसाहेब आमच्या जंक्शनचे जुने मेल ड्रायव्हर. रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी रोज इस्त्रीची पँट, डोक्यावर हॅट आणि चालताना अशी मान, की समोर सिग्नल पडलाय आणि आता थांबायचं काही कारण नाही. आज मात्र मान खाली होती. त्यांनी पाचवा कागद काढला. तो मुंबईतल्या ब्रिटिश कचेरीचा होता.

डोरीन रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होती. तिला विलायतेतल्या एका हॉस्पिटलात जागा मिळाली होती आणि ती महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवणार होते. त्या वर्षी तिकडचे नियम आवळत चालले होते. आजोबा तिथे जन्मले हे सिद्ध केलं तर तिला दार उघडं, नाहीतर बंद. आजोबा तिथेच जन्मले होते, पण मुंबईच्या साहेबाचं म्हणणं असं, की चार कागदांवर चार आडनावं आहेत. तेव्हा सिरिल यांच्या जन्माची, बापाच्या नावासह, सरकारी नोंद दाखवा आणि हे सगळे एकाच घरचे असं प्रतिज्ञापत्र करा. कागद शुक्रवारपर्यंत पोचले नाहीत तर फाइल बंद.

तो सोमवार होता.

"चर्चमध्ये नोंद असेल की," मी म्हणालो.

"वाळवी. पूरा रजिस्टर खाल्ला."

"मग आमच्याकडे सापडेल. जन्मतारीख?"

"चौदा ऑगस्ट, नाइन्टीन नाइन." मग थांबून, आवाज उतरवून म्हणाले, "बाबू, नाही मिळाला, तर तसा कागद देता येतो काय? की नोंद सापडत नाही?"

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. नोकरी लहान असली तरी एवढं कळत होतं, की नोंद मागायला आलेला माणूस नोंद न सापडल्याचा दाखला मागत नाही.

"मुंबईवाले तो घेणार नाहीत," मी म्हणालो.

"राइट. राइट." त्यांनी कागद गोळा केले. निघताना काउंटरची फळी खाली पडली आणि त्यांचं बोट सापडलं.

"आई गं," ते म्हणाले.

आणि लगेच इंग्रजीत एक शिवीही घातली, पण ती मागाहून आली. आधी कुठला शब्द आला हे मी मनाशी टिपून ठेवलं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आमच्या खात्यात माणसं रकान्यांत बसवायची सवय लागते, आणि हा शब्द त्यांच्या रकान्यात बसत नव्हता.

मंगळवारी सकाळपासून मी रेकॉर्डच्या खोलीत होतो. सिरिलसाहेब बाहेरच्या बाकावर हॅट गुडघ्यावर ठेवून बसलेले. आमचे हेडक्लार्क भंगाळे भाऊसाहेब सुपारी कातरत होते. भाऊसाहेबांचं शेत गावाबाहेर होतं आणि जीव तिकडेच असायचा.

"साहेब, आडनावाचा अर्थ काय हो तुमच्या?" त्यांनी दारातून विचारलं. "आमच्यात आडनावाला अर्थ नसला तरी चालतं. तुमच्यात असेल."

"डॅडी सांगायचे," सिरिलसाहेब जरा खुलले. "व्हाइट एकर. व्हाइट म्हणजे सफेद, आणि एकर..."

"एकर? आपला जमिनीचा एकर?"

"तोच. गावाजवळ सफेद जमीन असेल, तिथं राहणारा तो व्हिटेकर. कोणी बोलतो, व्हाइट नाही, व्हीट, गव्हाचा एकर. लिहिणाऱ्याला जसा ऐकू आला तसा त्यानं लिहिला."

भाऊसाहेबांना फार आनंद झाला. "पांढरा एकर! अहो, मग तुम्ही आमच्यातलेच निघालात. पिकते ती काळी, घरं असतात ती पांढरी. पांढरीवरचा माणूस म्हणजे गावातलाच. काय पाचपांडे, बरोबर ना?"

मी आतून "बरोबर" म्हणालो आणि सहज बाहेर पाहिलं. भाऊसाहेब हसत होते. सिरिलसाहेबांनी हॅट उचलून डोक्यावर घातली होती. सावलीत, बाकावर बसल्या बसल्या.

१९०९ च्या ऑगस्टात व्हिटेकर नव्हता. सप्टेंबरात नव्हता. एखाद्यानं उशिरा खबर दिली असेल म्हणून मी डिसेंबरपर्यंत गेलो. मग चहा घेऊन पुन्हा ऑगस्टला आलो आणि या वेळी आडनाव न बघता बापाचा धंदा बघत बोट खाली नेलं. शेतकी, शेतकी, हमाली, शेतकी, वाणी. आणि मग, 'इंजन ड्रायव्हर'.

बापाचं नाव: हेनरी विटेकर.

मला हसू आलं. जुन्या कारकुनानं त्याला कऱ्हाडकडच्या विटा गावचा करून टाकला होता. कऱ्हाडचा तो कऱ्हाडकर, विट्याचा तो विटेकर. गोरा असेना का.

हसत हसतच मी पुढच्या रकान्यात गेलो आणि हसू तिथेच राहिलं. आईचं नाव: सगुणा. त्यापुढे खबर देणाराचं नाव, पुन्हा सगुणा. सहीच्या जागी शाईचा एक लहान गोल, आणि शेजारी कारकुनाच्या हातचं: निशाणी बांगडीची.

पूर्वी लिहिता न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगर काढायचा आणि बाई बांगडी. आमच्या घरच्या जमिनीच्या कागदावर माझ्या पणजीची बांगडी आहे. तिचा गोल वाकडा आहे. हा चांगला वाटोळा होता.

"मिळाला?"

सिरिलसाहेब कधी आत आले कळलं नाही. मी बोट ठेवून वाचून दाखवलं. 'सगुणा' या शब्दाला त्यांनी डोळे मिटले नाहीत, दचकले नाहीत. फक्त हॅट काढली.

"गलती आहे," ते म्हणाले. "माझी मदर सारा. आयरिश होती. मी लहान असताना वारली."

"मग ही सगुणा कोण?"

"आया. घरातली आया. डॅडी लाइनवर असायचे, मदर आजारी. खबर द्यायला आया गेली असणार. कारकुनानं विचारलं, तू कोण? ही बोलली, आया. त्यानं ऐकलं, आई. बस."

मी भाऊसाहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "होऊ शकतं. एका अक्षराचा तर फरक. ज्यानं व्हिटेकरचा विटेकर केला, तो आयाची आईही करील."

"मग बाबू, नकलेत सारा लिही."

"ते नाही जमायचं, साहेब."

"एकच शब्द."

"नक्कल म्हणजे नक्कल," माझ्या वतीनं भाऊसाहेब म्हणाले. "मक्षिकास्थाने मक्षिका. मूळ पानावर माशी मरून चिकटली असेल तर नकलेतही त्याच जागी माशी पाहिजे. नोंद दुरुस्त करायची तर कोर्टाचा हुकूम आणा. दोन महिने लागतील."

"माझ्याकडं तीन दिवस आहेत." सिरिलसाहेब आता हिंदीचा टेकू न घेता बोलत होते. "भाऊसाहेब, मुंबईचा माणूस एकेक टी मोजतो. त्याच्या टेबलावर हे नाव गेलं तर तो काय म्हणेल? ही आजी कुठली, विचारील. मग पोर किती गोरी, ते मोजील. पोरीनं इथली नोकरी सोडलीय. ट्रंका भरून ठेवल्यात."

"त्यांनी बापाचं नाव मागितलंय. आईचं नाही."

"फॉर्मात रकाना आहे ना?"

रकाना होता. छापील होता. त्याला आम्ही काय करणार?

शेवटी वाट भाऊसाहेबांनीच काढली. नक्कल आहे तशी द्यायची. प्रतिज्ञापत्र करायचंच आहे, त्यात एक वाक्य वाढवायचं: नोंदीत आईच्या रकान्यात लिहिलेली सगुणा ही माझी आया होती. शपथेवर सांगितलं की झालं. आडनावांचं तर सोपंच होतं. सगळे कागद मराठीत मोठ्यानं वाचले तर एकच नाव ऐकू येतं, आणि विटेकर म्हणजे तेच नाव मराठी कानानं ऐकलेलं, असं मी कलम घातलं. अजूनही मला त्या कलमाचा थोडा अभिमान आहे.

सिरिलसाहेब म्हणाले, "डोरीनला रजिस्टर दाखवायचं नाही. ती हिंदी शिकलीय, तुमची अक्षरं वाचते."

"आयाचं नाव वाचून काय होणार आहे?" मी विचारलं. खोटं कशाला बोलू, मुद्दाम विचारलं.

त्यांनी हॅट घातली. जाताना काउंटरची फळी त्यांनी दोन्ही हातांनी धरून, सावकाश खाली ठेवली.

त्या रात्री मला धड झोप लागली नाही. मसुदा माझ्या हातचा होता. उद्या कुणी म्हणालं की प्रतिज्ञापत्र खोटं आहे आणि कारकुनाला ते ठाऊक होतं, तर? ठाऊक म्हणजे काय? एक 'आई गं' ऐकलं होतं. 'आई गं' हा काही पुरावा नाही. या देशात ठेच लागली की इंग्रजही तसंच म्हणत असतील, अशी मी माझी समजूत घातली.

बुधवारी सगळे कागद संध्याकाळच्या टपालात पडायला हवे होते. मॅजिस्ट्रेटसाहेब आमच्याच आवारातल्या बंगलीत दुपारी तीनला बसायचे. ते चारला आले. टपालाची पिशवी पाचला बंद व्हायची.

डोरीन व्हरांड्यात उभी होती. पंचवीस-सव्वीसची, सावळी, बापापेक्षा बरीच सावळी. याबद्दल जंक्शनवर कुणी काही बोलत नसे, कारण तिची आई गोव्याची होती आणि सगळा रंग तिच्या नावावर खपून जात असे.

"मिस्टर पाचपांडे, झालं ना सगळं?" तिनं विचारलं. तिचं मराठी दवाखान्यातलं, पेशंटांकडून शिकलेलं. म्हणून ते नेहमी धीर दिल्यासारखं वाटायचं. "डॅडी दोन दिवस जेवले नाहीत. मी सांगितलं, नाही झालं तर नाही गेले. इथं काय वाईट आहे? पण ऐकत नाहीत."

"होईल," मी म्हणालो. घड्याळात सव्वाचार.

नक्कल ताडायला लागते म्हणून मूळ रजिस्टर मी पानात खूण घालून, मिटून पुढ्यात ठेवलं होतं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी कागद वरखाली पाहिला. "मराठीत आहे. शपथ घेणाऱ्याला वाचता येतं?"

"नाही," सिरिलसाहेब म्हणाले. "पण मला माहीत आहे काय लिहिलंय."

"तसं चालत नाही. त्यांना समजेल असं कुणीतरी वाचून दाखवा."

मी हात पुढे केला. पण साहेब म्हणाले, "तुम्ही लिहिलंय, तुम्ही नको. बाई, तुम्हाला वाचता येतं?"

"थोडं थोडं," डोरीन म्हणाली आणि तिनं कागद घेतला.

सिरिलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. इंजिनाचा ब्रेक लागत नाही हे कळल्यावर ड्रायव्हर कसा बघत असेल, ते मला तेव्हा कळलं.

ती अक्षरावर बोट ठेवून, अडखळत वाचू लागली. आडनावांचं माझं कलम तिला आवडलं. "व्हिटेकर, व्हिटेकर, व्हिटेकर, व्हिटेकर, विटेकर," असं वाचताना ती हसली. साहेबही हसले. घड्याळात चार पस्तीस.

"'नोंदीत आईच्या रकान्यात लिहिलेली,'" ती वाचत होती, "'सगुणा ही माझी आई होती.' सॉरी. 'आया होती.' मिस्टर पाचपांडे, तुमचं अक्षर..."

"पहिलं बरोबर होतं," सिरिलसाहेब म्हणाले.

डोरीनचं बोट त्या अक्षरावरच थांबलं.

"काय, डॅडी?"

"पहिलं वाचलंस ते."

डोरीननं कागद खाली ठेवला नाही. "सारा?"

"सारा कोणी नव्हती."

ते तिच्याशी नेहमी इंग्रजीत बोलायचे. आता मराठीत बोलत होते, आणि ते आमच्या जंक्शनवरचंही नव्हतं. कुठून तरी खालचं, कृष्णेकाठचं.

"डॅडींची बदली तिकडं होती, सदर्न लाइनला. तिथून आणली. ती विट्याची. कारकुनाला वाटलं आडनावही विट्याचंच. तिला व्हि म्हणता येत नव्हतं. शेवटपर्यंत विटेकरच म्हणायची. पाहुणे आले की तिला आया म्हणायचं. दार लागलं की आई. डॅडींचा नियम होता. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं."

डोरीननं विचारलं, "आणि ती गेली तेव्हा?"

"तेव्हा डॉक्टर होता खोलीत."

एवढंच. म्हणजे दार लागलेलं नव्हतं.

मॅजिस्ट्रेटसाहेब म्हातारे होते. त्यांनी चष्मा पुसला. "मिस्टर व्हिटेकर, मग हे वाक्य ठेवायचं की काढायचं? विचार करा. काढलंत तर मुंबईला नक्कल आहे तशीच जाईल."

सिरिलसाहेबांनी डोरीनकडे पाहिलं. माझ्या नजरेसमोर ट्रंका होत्या, महिनाअखेर होती, आणि एकेक टी मोजणारा मुंबईचा माणूस होता. त्यांच्याही असणार.

"तू सांग," ते म्हणाले.

"मी नाही, डॅडी," ती म्हणाली. "सही तुमची आहे."

चार चव्वेचाळीस.

"काढा," ते म्हणाले.

मी पट्टी लावून ते वाक्य खोडलं. रेघ जराशी वाकडी गेली. "खाडाखोडीवर समासात लहान सही लागते," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातातून टाक घेतला. त्यांची सही मी पाहिली होती. ती लफ्फेदार, एका टोकाला इंजिन आणि एका टोकाला गार्डाचा डबा असल्यासारखी लांबलचक असायची. त्यांनी समासात, खोडलेल्या ओळीशेजारी, एक लहान गोल काढला. सावकाश, टोकाला टोक नीट जुळवून.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या आईची सही आहे. चालेल?"

साहेबांनी माझ्यापुढचं रजिस्टर ओढून ते पान पाहिलं. मग कागदावरचा गोल पाहिला. "खाली तुमची असू द्या," ते म्हणाले. "मग चालेल."

खाली त्यांनी पूर्ण सही केली. डोरीननं वाकून ते जुनं पान वाचलं, बोट ठेवून, एकेक अक्षर. आता ते लपवायला कुणी पुढे झालं नाही.

टपालाची पिशवी बांधायला घेतली होती तेव्हा मी सायकलवरून पोचलो. पोस्टमास्तर कुरकुरले, पण पाकीट घेतलं.

शुक्रवार गेला. पुढचा आठवडा गेला. सिरिलसाहेब रोज अकराला काउंटरवर यायचे, फळीशी उभे राहून परत जायचे. भाऊसाहेब त्यांना "काय विटेकर, काळी काय म्हणते, पांढरी काय म्हणते?" असं विचारायचे आणि ते "बरी आहे" म्हणायचे. महिनाअखेरीला चार दिवस उरले तेव्हा मुंबईहून मंजुरी आली. त्यावर डोरीनचं आडनाव सहाव्याच तऱ्हेनं लिहिलं होतं, ए-के-ए-आर. तिनं ते दुरुस्त करून घेतलं नाही.

समासातल्या त्या गोलाबद्दल मुंबईच्या माणसानं काही विचारलं नाही. शून्य समजला असेल.